कारवलीच्या वहीतलं पान

रत्नागिरी, बुधवार, १४ जानेवारी १९३१

आज सकाळी साडेदहाच्या सुमारास, इस्पितळाच्या ओसरीवर, मिस डोरा लॅनिगनने माझा उजवा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि माझं आयुष्य फिरलं. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं. पण खरं ते एवढंच आहे, तेव्हा राहू दे.

जेटीवर कालवाच्या कपरीने तळवा उघडला होता. तिने चिमट्याने कवचाचा तुकडा काढला, टिंक्चर ओतलं. मी हूं की चूं केलं नाही. पट्टी बांधता बांधता तिने मराठीत विचारलं, "तुला इंग्रजी वाचता येतं?" मी म्हटलं, इंटरपर्यंत शिकलोय. "मग तू मला एक देऊळ शोधून दे. माझ्या पणजोबाचं लग्न लागलं ते."

देऊळ म्हणजे चर्च. तिचं मराठी सांभाळणाऱ्या आयेच्या कडेवर बसून शिकलेलं आहे. पण ती मला तू म्हणाली.

कॉलेज मधेच का सोडलं, तेही विचारलं. मी सांगितलं, देशासाठी. गेल्या साली शिरोड्याला मीठ उचलायला गेलो. इथे वहीत खोटं कशाला लिहू? शिरोड्याला गेले ते दुसरे. मी कोल्हापूरला मेसमध्ये एकाच्या डोक्यात आमटीचं भांडं घातलं, कारण त्याने माझी कविता लावणीच्या चालीवर म्हणून दाखवली. प्रिन्सिपल म्हणाले, माफी माग. मी ट्रंक उचलली.

लॅनिगन हे आयरिश नाव. आयरिश लोकांनी इंग्रजाला घराबाहेर काढलं. म्हणजे ती त्यांच्यातली नव्हेच. हे आमच्या तीर्थरूप आप्पांना एकदा समजावून सांगितलं पाहिजे.

रविवार, १८ जानेवारी

त्यांच्या खोलीवर जाऊन आलो. इस्पितळामागच्या चाळीतली शेवटची खोली. एक पलंग, त्यावर तिची आई. डावं अंग लुळं पडलेलं. तोंडाने बोलते, पण अर्धं वाक्य ओठातून गळून जातं. भिंतीवर मरीयेची तसबीर, खाली शेगडीवर पेज शिजत होती. गोऱ्यांच्या घरात पेज शिजते हे मला नवीन. गोऱ्या म्हणायला गोऱ्या, बाजारात त्यांना कोणी मडमही म्हणत नाही आणि बाईही म्हणत नाही. मुंबईच्या क्लबात यांना बसू देत नाहीत, असं डोराच म्हणाली, आणि हसली.

प्रकरण असं. कॉर्क म्हणून गाव आहे आयर्लंडात. तिथे पणजोबाच्या भावाची नात अजून हयात आहे, वय ऐंशी, एकटी, मोठं घर. तिचं पत्र डोराने वाचून दाखवलं. म्हातारी लिहिते की मायकेल लॅनिगन फौजेतून हिंदुस्थानात गेला तो परतला नाही. तुम्ही त्याच्या वंशाच्या म्हणवता, असालही. पण त्याचं लग्न पाद्रीसमोर झालं होतं असा कागद दाखवा, मग तुम्ही दोघी या घरच्या. नसेल तर तुम्ही त्याच्या कोणी नव्हेत, आणि मी घर मठाला देईन. जुलैनंतर वाट बघणार नाही.

ठाऊक काय, तर साल अठराशे एकोणतीस, जागा रत्नागिरीच्या आसपास, एका अंगाला समुद्र आणि एका अंगाला खाडी. गावातल्या चर्चच्या वह्या तिने बघितल्या; त्या पुष्कळ अलीकडच्या. पावसाळ्यात आगबोटी बंद होतात, त्याआधी मेच्या बोटीने निघायचं, असा तिचा हिशेब.

आईने उजव्या हाताने माझं मनगट धरलं आणि काहीतरी म्हणाली. डोराने सांगितलं, "ती म्हणते तुझा चेहरा चांगल्या घरचा आहे."

रविवार, २५ जानेवारी

आमच्या तरीवरच्या भागोजीला सहज विचारलं. कारवलीच्या खाडीवर माणसं पलीकडे उतरवायच्या तरीचा मक्ता पणजोबांच्याही आधीपासून आमचा. भागोजी वीस वर्षं ती चालवतो. तो म्हणाला, पलीकडे कारवलीच्या सड्यावर साह्यबाचं थळ हाय. जांभ्या दगडाच्या चार भिंती, वर छप्पर नाय. शिमग्यात तिथे साह्यबाला बाटली नि चिरूट ठेवतात. एका अंगाला समुद्र, एका अंगाला खाडी.

म्हणजे बारा दिवसांत सापडलं.

आता अडचण. एक, आमच्या घरचं कोणी कारवलीला उतरत नाही. तर आमची, होडी आमची, पण पलीकडच्या वाळूवर आम्हा पिलणकरांनी पाय ठेवायचा नाही. का, ते मी लहानपणी विचारलं तेव्हा आप्पांनी थोबाडीत मारली होती, म्हणून पुन्हा विचारलं नाही. पण मला ती अडचण मोठी नाही. दुसरी मोठी आहे. शोध आजच संपला तर उद्यापासून मी त्या खोलीवर कुठल्या निमित्ताने जाऊ?

संध्याकाळी डोराला कागदावर नकाशा काढून दिला. आधी जयगड, मग पूर्णगड, मग देवगड. ती म्हणाली, तू किती कष्ट घेतोस. खोलीत तिचा हात माझ्या हाताला लागला, दोनदा.

बुधवार, ११ फेब्रुवारी

एका खलाशाचा पाय तिच्या मांडीवर होता. काळाकुट्ट, चिखलाने भरलेला, भेगा पडलेला पाय. तशीच बसली होती, तसाच चिमटा, आणि त्यालाही तू. मी खांबाआडून बघितलं. भागोजीला बोललो तर तो म्हणतो, "मना पन तूच म्हनते ती. आमच्या बैलालापन."

त्याला तरीवरून काढून टाकावा असं मनात आलं.

मग दुपारी खोलीवर गेलो आणि सांगितलं, जयगडला काही नाही, पूर्णगडला काही नाही. (पूर्णगडला गेलोच नव्हतो.) आणि वर म्हटलं, कदाचित लग्न लागलंच नसेल, फौजेतले लोक तेव्हा बायका अशाच ठेवायचे. ती आईची वेणी घालत होती. हात मधेच थांबले. मग पुन्हा चालू झाले. मला बरं वाटलं. रस्त्यावर आल्यावर वाईट वाटलं. पण आधी बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आईला दुसरा झटका आला. आता डोळे उघडे असतात, पण मान भिंतीकडेच. डोरा मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, लवकर काहीतरी कर. ती रडली नाही. तिने रडायला हवं होतं, मी रुमाल काढून ठेवला होता.

शिमग्याला कारवलीला जायचं ठरवलं. आता तिला कळू दे की कोणी शोधून दिलं.

गुरुवार, ५ मार्च

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी आप्पा ज्ञातिसभेला गेल्यावर भागोजीच्या होडीत बसलो. तो वल्हं थांबवून म्हणाला, उतरणार? मी म्हटलं, चल. त्याने वल्हं पुन्हा मारायला घेतलं. फक्त उतरताना माझा हात धरला नाही, एरवी सगळ्यांचा धरतो.

सड्यावर, त्या उघड्या माळावर, पन्नासेक माणसं होती. कमरेइतक्या भिंती उरल्या आहेत, पूर्वेला एक कमान, मधे करवंदीचं रान. कमानीखाली दारूची बाटली, चिरूट, आणि त्यांच्या शेजारी, मला वाटलं चुकून, एक खणाची चोळी आणि हिरव्या बांगड्या. रावजी गावकर नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. आधी गावचे देव झाले, सीमेवरचे झाले, बुडालेले खलाशी झाले. दर वाक्याला सगळे म्हणत होते, व्हय म्हाराजा. मग साह्यबाचं नाव आलं: लानगान साह्यब. मी उडालोच. खिशातून पेन्सिल काढली. आणि रावजी पुढे म्हणाला,

"तशीच, म्हाराजा, बंदरावरच्या धोंडू पिलनकराची लेक मैना. बापसानं तिला हळदीच्या अंगानं पाटावरनं उठवलान, गोऱ्या साह्यबाच्या देवळात उभी केलान, नि बदल्यात तरीचा मक्ता घेतलान. ती हितं उपाशी ऱ्हायली असंल, रडत ऱ्हायली असंल, तर तिची ही चोळी-बांगडी मानून घे. तिच्या घरच्यानी तिला सोडली, गावानं सोडली नाय."

व्हय म्हाराजा, असं पन्नास जण म्हणाले आणि त्यातल्या प्रत्येकाने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी कोणाला तरी मारलं असतं. लग्नघरी उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघत होते.

परत येताना भागोजीला विचारलं, तुला ठाऊक होतं? "आख्ख्या खाडीला ठाव हाय, धनी. तुमी कधी इचारलं नाय."

शुक्रवार, ६ मार्च

आप्पांना माझ्या येण्याआधीच कळलं होतं. सुपारी कातरत बसले होते. मी ओरडलो, ते ओरडले नाहीत. मी म्हटलं, आपल्या खापरपणजोबाने पोटची मुलगी तरीच्या मक्त्यासाठी दिली? आपण तिचं अन्न खातो? ते म्हणाले, "तूही खातोस. कोल्हापूरला आमटी फेकायला गेलास ती त्याच तरीच्या पैशावर."

मग त्यांनी सगळं एका दमात सांगितलं, जणू कित्येक वर्षं घोकून ठेवलं होतं. कुठलंही सरकार आलं तरी मक्ता पिलणकरांकडे राहिला. घरात बायकांनाही हे सांगत नाहीत. कारवलीवाले बोलतात, पण खाडीपलीकडच्या अडाण्यांचं बोलणं म्हणून ते निभतं. लेखी काही नाही. निदान आजवर वर आलेलं नाही. आता माझा धाकटा दिवटा एका नर्सच्या नादाने ते लेखी शोधायला निघाला आहे. आणि लेकीचं, राहीचं, लग्न राजापूरला दादूशेटच्या घरी वैशाखात ठरलंय. दादूशेट आमच्याच ज्ञातिसभेचे चिटणीस; बाटलेल्या घरातली मुलगी ते करतील का?

राही दारामागे होती. तिच्या बांगड्या वाजल्या.

"कारवलीच्या पाद्रीकडे जुनी पेटी आहे," आप्पा म्हणाले. "तिच्यात वह्या आहेत. तू जा, आणि ते पान घेऊन ये." मला वाटलं, चुकीचं ऐकलं. या माणसाने वीस वर्षं आम्हाला पलीकडे पाय ठेवू दिला नाही. मी विचारलं, मी उतरू? "आता उतरलाच आहेस," म्हणाले.

गुरुवार, १२ मार्च

पाद्री मिंगेल पाखाडीच्या पायऱ्यांच्या तळाशी राहतो. पाच-सहा क्रिस्तांव घरं, एक लहान देऊळ, अंगणात तुळशीसारखा क्रूस. वय पंच्याहत्तर असेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दुधासारखे. मी नाव सांगितलं, पिलणकर. त्याने बाकावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "ये पुता, बस."

पेटीतल्या वह्या मेजावर मांडल्या. म्हणाला, जुनं देऊळ वादळात पडलं तेव्हा माझ्या आधीच्या पाद्रीने डोक्यावरून खाली आणल्या. मला काही आता दिसत नाही, तूच वाच. तीन वह्या पोर्तुगीजमध्ये. चौथीत मधेच चार पानं इंग्रजी, मुंबईहून मचव्याने आलेल्या एका आयरिश पाद्रीच्या हातची. त्यातल्या तिसऱ्या पानावर:

एकोणीस नोव्हेंबर १८२९, शेजारी समासात पाद्रीची सही. मायकेल लॅनिगन, तोफखान्यातला गोलंदाज, वय सव्वीस, जन्म कॉर्क. आणि मारिया, कालपर्यंतची मैना, वय अदमासे बारा, बंदरावरच्या धोंडू पिलणकराची मुलगी. बापाच्या संमतीने. खाली बापाची निशाणी, नांगर. आणि त्याखाली बारीक अक्षरात: 'वधूला तिची मर्जी विचारली. ती बोलली नाही. तिने मान हलवली असे बापाने सांगितले. मी तिची मान हललेली पाहिली नाही. देव मला क्षमा करो.'

मी दोनदा वाचलं. पाद्री समोर बसून होता. "सापडलं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही.

पेन्सिलीला टोक करायचा चाकू खिशात होता. पान शिवणीपाशी कापताना आवाज येईल म्हणून मी खोकू लागलो. कागद जाड, एका दमात कापला जात नव्हता, म्हणून खूप वेळ खोकावं लागलं. पाद्री चाचपडत उठला, मडक्यातलं पाणी पितळेच्या लोट्यात ओतून माझ्या हाती दिलं, आणि खोकला थांबेपर्यंत माझी पाठ चोळत उभा राहिला.

रविवार, १५ मार्च

पाद्रीकडे वह्या आहेत हे डोराला सांगावंच लागलं. न सांगता ती दुसऱ्या कोणाला घेऊन गेली असती. तिने घाईघाईत निळा झगा घातला होता, डोक्याला रुमाल. होडीत ती पाण्यात बोटं घालून बसली होती. मला वाटलं, माझ्या आयुष्यात एवढा सुंदर दिवस आलेला नाही.

ती मेजाशी बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. पोर्तुगीज येत नाही तरी नावांवरून बोट फिरवत होती. मी शेजारी उभा. चौथ्या वहीत इंग्रजी आल्यावर तिचा श्वास वाढला. एक पान. दुसरं पान. मग एकदम चौथं. ती मागे गेली. पुन्हा पुढे. वही संपली तशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीन वेळा. तिसऱ्या वेळी ओठांनी प्रत्येक नाव पुटपुटत होती, जसं हरवलेल्या पोराला गर्दीत हाक मारत जावं. पान माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. तिचा खांदा माझ्या कोटाला लागत होता.

मी म्हटलं, नाही ना? तिने वही मिटली, पाद्रीच्या हाताचं चुंबन घेतलं आणि मराठीत म्हणाली, तुला त्रास दिला. पाद्रीने वही पुढ्यात ओढली आणि आंधळी माणसं करतात तशी वहीच्या शिवणीवरून बोटं फिरवत बसला.

परतीला ती रडली. अखेर. रुमाल दिला.

मंगळवार, १७ मार्च

आप्पांनी पान मागितलं. मी सांगितलं, तिथेच चुलीत घातलं. त्यांनी मान डोलावली आणि राहीच्या साड्यांची यादी काढायला बसले. खोटं बोललो, पण ते माझं पान आहे. मी कापलं, मी खोकलो.

रात्रभर विचार केला, आता सगळं स्वच्छ दिसतं आहे. डोरा परकी नाही. तिच्या अंगात आमचंच रक्त आहे. शंभर वर्षांपूर्वी घरातून गेलेली मुलगी मी घरात परत आणतो आहे, यात पाप काय? उलट धोंडू पिलणकराने केलं ते मी उलटं करतो आहे. तिच्याशी लग्न करीन, पान तिच्या हाती देईन. मग कॉर्कला जायचं तर दोघंही जाऊ. इतकी न्यायाची गोष्ट मी आजवर केली नाही.

सोमवार, २३ मार्च

चिठ्ठी दिली. इंग्रजीत, चार पानी. पानाबद्दल स्पष्ट लिहिलं नाही, एवढंच लिहिलं की तुला हवं ते माझ्या हातात आहे आणि माझं मन तुझ्या हातात. उत्तर नाही.

शनिवार, २८ मार्च

उत्तर नाही. ओसरीवरून दोनदा गेलो. तिने दुसरीकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं आणि मान लववली, कंपाउंडरला लववते तशी. आज तिला लागेल असं काहीतरी बोलावंसं फार वाटतं.

सोमवार, ६ एप्रिल

भागोजी सांगत होता, काल त्यांच्या ईस्टरच्या सणाला नर्सबाई एकटीच तरीने पलीकडे गेली. पाद्रीकडे दिवसभर होती. संध्याकाळी परत आली. उतरल्यावर त्याला विचारलं, मैनेची चोळी ठेवतात ती जागा कुठली? त्याने परत पलीकडे नेऊन दाखवली. मजुरी घेतली नाही, म्हणाला. मक्ता आमचा, आणि हा मजुरी घेत नाही.

राहीने विचारलं, दादा, राजापूरला समुद्र आहे का? मी म्हटलं, नदी आहे. ती म्हणाली, मग बरं.

बुधवार, ८ एप्रिल

सकाळी बोलावणं आलं. इस्पितळाच्या शिपायाबरोबर दोन ओळी: ये, आणि ते बरोबर आण. दाढी केली, धुवट कोट घातला. पान जसंच्या तसं होतं, फक्त घडीवर घामाचा डाग.

खोलीत शेगडीवर पेज शिजत होती. आई भिंतीकडे तोंड करून. डोराने मला खुर्ची दिली, स्वतः उभी राहिली. ती इंग्रजीत शांतपणे सांगू लागली. पाद्री मिंगेलला ती नोंद पाठ आहे. दर वर्षी मेलेल्यांच्या दिवशी तो त्या दोघांची नावं घेतो. त्याच्या आधीच्याने त्याला शिकवली होती, शेवटच्या ओळीसकट. त्या रविवारी त्याने वहीच्या शिवणीवरून बोट फिरवलं तेव्हा त्याला कापलेली कड लागली. तिच्या देखत बोलला नाही, कारण मी खोलीत होतो आणि त्याला वाटलं, पोर स्वतःहून परत आणील. तीन आठवडे वाट बघितली.

मी म्हटलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे.

ती वाद घालत बसली नाही. म्हणाली, पाद्रीच्या तोंडी सांगण्याने कॉर्कची म्हातारी ऐकणार नाही, मला कागदच लागेल. तुमच्या घरी बहिणीचं लग्न आहे, तेही मला कळलं. मग तिने मेजावरची पट्टी कापायची कात्री उचलली आणि माझ्यापुढे ठेवली. "तुझ्या घराचं नाव कापून घे," ती म्हणाली. "धोंडू, नांगर, मैना, सगळं. मला वरचा भाग दे. मायकेल लॅनिगन, तारीख, पाद्रीची सही. बायकोचं नाव मारिया एवढंच राहू दे. मी कोणाला सांगणार नाही."

कात्रीकडे बघत राहिलो. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर वाटलं, द्यावं. चार बोटं रुंद कागद. राही राजापूरला जाईल, ही कॉर्कला जाईल. पण मग मी कुठे जाणार होतो?

मी पान काढून हातात धरलं आणि माझं म्हणणं सांगितलं. सगळं, जसं ठरवलं होतं तसं. रक्त, घर, शंभर वर्षं. मी फार चांगला बोललो. शेवटी म्हटलं, हो म्हण, पान तुझं. अख्खं. कापायलाही नको.

एरवी महत्त्वाचं असलं की ती इंग्रजीत बोलते. हे मराठीत बोलली.

"मैनेला पाद्रीने विचारलं, तेव्हा ती बोलली नाही. मी बोलते. नाही."

पुढचं मी कसं केलं ते मला नीटसं आठवत नाही, असं लिहिणार होतो. आठवतं. पेजेचं भांडं मी डाव्या हाताने उचललं, बोटं भाजली, ते जमिनीवर ठेवलं, आणि पान निखाऱ्यांवर आडवं ठेवलं. जाड कागद, लगेच पेटला नाही. आधी तपकिरी झाला, कडा वर उचलल्या, मधली ओळ थोडा वेळ लखलखीत वाचता येत होती. ती पुढे झाली नाही. तिने हात पुढे केला असता तर मी तो धरणार होतो. ती कात्री उचलून जागच्या जागी ठेवायला गेली.

जळका वास पसरला तशी पलंगावरून आवाज आला. दुसऱ्या झटक्यापासून मी त्या बाईचा शब्द ऐकला नव्हता. "डोरा? मिळालं?"

डोराने शेगडीकडे बघितलं. मग पलंगाशी जाऊन बसली, आईच्या कानावरचे केस बाजूला केले.

"मिळालं, मम्मी," ती म्हणाली. "सगळी नावं आहेत."

आई हसली असावी; मला फक्त गालाची मागची बाजू दिसली. मग तुटक शब्दांत विचारू लागली, पाद्रीची सही आहे का, बोट कधीची आहे, कॉर्कला थंडी फार असते का. डोरा एकेकाचं उत्तर देत होती, न अडखळता, बोटीचा दिवससुद्धा सांगितला. मधे तिने चमच्याने पेज ढवळून निवत ठेवली. मी खोलीत आहे हे दोघींच्याही खिजगणतीत नव्हतं.

राहीचं लग्न वाचलं. आप्पांना काही सांगायला नको. मी उठलो. पायताणं दाराबाहेर होती. आई आतून विचारत होती की मायकेलच्या बायकोचं नाव काय लिहिलंय, आणि डोरा ते सांगायला लागली. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.